बॉलकडं बघू नगा

हणमंत बोलायच्या आधी एकदा खोकायचा. घसा खराब म्हणून नव्हे, सभेत माइक हातात आल्यावर माणसं खोकतात तसं. मग म्हणायचा, "तर मंडळी, ऐका." त्याच्या मागे कसल्यातरी मोठ्या यंत्राची घरघर चाललेली असायची. दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकात हा खोकला घरोघरी मोबाईलवर वाजायचा. गोठ्यात, ट्रॅक्टरवर, कालव्याच्या भरावावर. पोरं हातातलं काम थांबवून ऐकायची.

हणमंत ओमानमध्ये एका दुधाच्या कारखान्यात मेकॅनिक. दूध गार ठेवणारी यंत्रं त्याच्या ताब्यात. जेवणाच्या सुट्टीत डबा खायच्या आधी हात पुसून तो फोन हातात घ्यायचा आणि इथल्या आदल्या दिवशीच्या खेळावर बोलायचा. पाच-पाच मिनिटांचा एकेक व्हॉइस मेसेज. आईबापाचं दोन मिनिटं न ऐकणारी पोरं त्याचं शेवटपर्यंत ऐकायची, याचं मला कायम नवल वाटलं आहे.

मी त्याचा शाळेतला दोस्त, विलास. सोमेश्वरनगरला माझं झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी 'ऊसपट्टा फुटबॉल' या ग्रुपचा दुसरा अ‍ॅडमिन मीच. हणमंतानं मला विचारलंसुद्धा नाही. म्हणाला, "तुझ्या दुकानात वायफाय हाय, तू बस तितं." बसलो.

शाळेत हणमंत कुठल्याच खेळात नव्हता. कबड्डीच्या वेळी रेषेच्या बाहेर उकिडवा बसायचा आणि कोण बाद झालं ते सांगायचा. सरांनी एकदा विचारलं, "तुला खेळायचं नाही का रे?" तर म्हणाला, "मी बघतो की सर." पुढं बारामती एमआयडीसीत दुधाच्या प्लँटात लागला, तेव्हा आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवर ये-जा करायचो. वाटेत कुठंही, कसलाही खेळ दिसला की गाडी बाजूला. विटीदांडू असला तरी. मी मागे बसून घड्याळ बघायचो आणि घरच्या शिव्या खायला तयार व्हायचो.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो ओमानला गेला. "पाच वर्षं काढतो आन येतो," म्हणाला होता. सगळे असंच म्हणून जातात. तिथं त्याच्या खोलीत केरळची माणसं होती, फुटबॉलसाठी जीव टाकणारी. सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या वस्तीमागच्या वाळूत सात-सात जणांचे सामने लावायची. हणमंत सवयीप्रमाणे रेषेच्या बाहेर बसला. मला फोनवर म्हणाला होता, "त्यांनी मला खेळाय न्हाय शिकवलं इलास, बघाय शिकवलं. आपल्याकडं समदी बॉलकडं बघत्यात. बॉल तर आंधळ्याला बी दिसंल. माणूस कुठं हाय ते बघायचं आसतं."

मध्ये तो एकदा सुट्टीवर येऊन गेला. मग महामारीनं सगळंच अडकलं. त्या काळात मी काहीतरी टाकायचं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ टाकला. कालव्याच्या कडेच्या गावाच्या मोकळ्या जागेत काही पोरं प्लास्टिकचा बॉल लाथाडत होती, एवढंच. दुसऱ्या दिवशी दोन वाजता पहिला खोकला आला. "तर मंडळी, ऐका," म्हणाला, आणि त्यात मी एकटाच मंडळी होतो. त्या दीड मिनिटाच्या व्हिडिओवर हा गडी चार मिनिटं बोलला. मी तो मेसेज त्या पोरांना ऐकवला. पोरं आधी हसली. मग दुसऱ्या दिवशी स्वतःहून मोबाईल खांबाला बांधून पूर्ण खेळाचा व्हिडिओ काढून घेऊन आली. असा तो ग्रुप सुरू झाला.

त्याला पोरांची नावं माहीत नव्हती आणि व्हिडिओत तोंडं धड दिसायची नाहीत. म्हणून त्यानं जे दिसलं त्यावरून नावं पाडली. एक पोरगा रोज पिवळा बनियन घालायचा, तो पिवळा. एक विजेच्या खांबाजवळ उभा असायचा, तो खांब्या. दुसरा एक पळताना हात पोटाशी धरायचा, त्याला भाकरीवाला म्हणायचा. पिवळ्याचं खरं नाव सागर आणि खांब्याचं अमोल, पण आता त्यांच्या घरचेसुद्धा कधी कधी चुकतात. पोरं मात्र त्याला दादाच म्हणायची, आणि दादा म्हणजे फक्त आवाज. त्याच्या प्रोफाईलला माणसाचा फोटो नव्हता, बॉलचा होता. परदेशात गेलेला माणूस चकचकीत गाडीला टेकून फोटो टाकल्याशिवाय राहत नाही. मी त्याला एकदा म्हटलं, "तुझा एक फोटो टाक की लेका." तर म्हणाला, "जो खेळतोय त्याचा टाका. मी कुठं खेळतोय?"

ग्रुपचे नियम त्यानंच केले. शुभ सकाळ बंद, वाढदिवसाचे बॅनर बंद, पॅनेल-पक्ष बंद. आमच्या तालुक्यात राजकारणावर बोलू नका म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखं आहे. मोडणारे मोडायचेच. त्यांना ग्रुपमधून काढायचं नाही, हे त्याचं ठरलेलं. शिक्षा अशी, की मोडणाऱ्यानं मागच्या खेळातल्या दुसऱ्या कुणाचं तरी चार ओळी कौतुक लिहायचं. स्वतःचं नाही, दुसऱ्याचं. एका निवडणुकीच्या दिवसांत आमच्या ग्रुपवर इतकं कौतुक झालं, की बाहेरच्या माणसाला वाटावं इथं सगळे संतच राहतात.

एकदा त्यानं मला एकट्याला फोन केला. "इलास, पिवळा आन खांब्या एकमेकाला पास देत न्हाईत. मी चार व्हिडिओ बघितलं. एकदा बी न्हाय. का रं?"

मला तर दिसलंच नव्हतं. पण कारण माहीत होतं. "त्यांच्या बापांचं बांधावरून भांडण आहे," मी सांगितलं. "एकमेकांच्या दारासमोरून जात नाहीत."

"आन हे तू मला आत्ता सांगतुयास व्हय?"

"फुटबॉलमध्ये बांध येतो हे मला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता नियम जाहीर झाला. आजपासून पिवळा आणि खांब्या यांच्यात बॉल गेल्याशिवाय झालेला गोल धरायचा नाही. कारण सांगितलं नाही. पोरांनी बोंब मारली. पहिले काही दिवस सागर अमोलला पास द्यायचा म्हणजे अंगावर दगड मारल्यासारखा बॉल मारायचा. अमोल तो अडवायचा आणि तसाच परत मारायचा. आठवडाभरानं व्हिडिओत मलाच काहीतरी वेगळं दिसलं, मला, ज्याला काही कळत नाही. अमोलनं हात वर केला होता आणि सागरनं मान न वळवता बॉल त्याच्या पायात दिला होता. बापांचं भांडण अजून कोर्टात आहे. पोरं एका गाडीवरून फिरतात.

मग इंदापूरची पोरं जोडली गेली. द्राक्षा-डाळिंबांच्या बागांतली पोरं, त्यांनी कुणीतरी फेसबुकवर टाकलेले हणमंताचे मेसेज ऐकले आणि आपले व्हिडिओ पाठवायला लागली. हणमंत त्यांनाही तसंच समजावून सांगायचा, तीच घरघर मागे. इंस्टाग्रामवर पान निघालं. लांबलांबचे लोक ऊसपट्टा म्हणजे काय ते विचारायला लागले. पोरांनी वर्गणीतून लोखंडी पाइपांचे दोन गोलपोस्ट करून घेतले, उचलून ठेवता येतील असे. ते रंगवले त्या दिवशी हणमंत बोललाच नाही, नुसता खोकला आला.

संगीता वहिनी, म्हणजे हणमंताची बायको, या सगळ्यावर एकदाच बोलल्या. दुकानात आल्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, गावातल्या समद्या पोरांना पाच-पाच मिन्टं बोलत्यात. मला म्हंत्यात, जेवलीस का. मी व्हय म्हणते. मग ते बी गप आन मी बी." राग नव्हता त्यात. घरच्या माणसाशी बोलायला इतक्या वर्षांत विषय उरत नाही, आणि खेळावर बोलायला रोज नवा विषय मिळतो, असं काहीतरी असेल. हणमंताला ते कळत होतं. तो एकदा म्हणाला होता, "मी तितं आलो तर मला कुणी वळखील का रं? का आवाजापुरताच ऱ्हायलोय मी?" त्याला गावात आपली जागा उरली आहे का, एवढीच एक काळजी होती. बाकी सगळा फुटबॉल त्या काळजीवर उभा होता.

दोन-तीनदा पुढं ढकललेली सुट्टी शेवटी मंजूर झाली. हणमंत खुळावला. त्यानं परस्पर जाहीर केलं, की आपण येतोय, आणि आल्याच्या पहिल्या रविवारी आपल्या मैदानावर इंदापूरविरुद्ध सामना. "एक खेळ डोळ्यांनी बघतो. मोबाईल न्हाय, डोळ्यांनी." इंदापूरच्या पोरांनी टेम्पो ठरवला. आमची पोरं इतकी हुरळली, की कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

दिवाळी झाली आणि साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. ऊसतोड कामगारांची टोळी दरवर्षीप्रमाणे आली आणि दरवर्षीप्रमाणे कालव्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत उतरली. मैदान म्हणजे तीच जागा. एका दिवसात तिथं पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिल्या, चुली मांडल्या, बैल बांधले. मागच्या हंगामात पोरं सरळ शाळेच्या आवारात जाऊन खेळली होती, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. या वेळी फरक एवढाच, की पाइपांचे गोल तिथंच पडलेले होते, आणि टोळीला वाटलं कुणीतरी टाकून दिलेलं भंगार आहे. एका कोपीचं आढं म्हणजे आमच्या गोलचा आडवा पाइप होता, अजून पांढरा रंग चमकत असलेला.

सागर भडकला. कोपीचा फोटो काढून त्यानं पानावर टाकला आणि वर लिहिलं, 'आमचं मैदान वाचवा. यांना हटवा.' तासाभरात खाली नको नको ते यायला लागलं. ज्यांनी कधी ऊस बघितला नाही ती माणसं ऊस तोडणाऱ्यांना शिव्या द्यायला लागली. मी नुसता बघत बसलो, काय पुसायचं आणि काय ठेवायचं तेही कळेना.

हणमंताचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज पडलेला होता. "मी हंगाम विसरलो इलास. कोऱ्हाळ्याचा माणूस आन हंगाम विसरला. हितल्या कॅलेंडरवर सुट्टी बघितली आन रविवार मोजला." मग म्हणाला, "त्यांचा मुकादम रिचार्जला येतो का तुझ्याकडं?"

नामदेव मुकादम बीडकडचा, पांढऱ्या मिशांचा, मोजकं बोलणारा. हणमंताच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दुकानात आला तेव्हा मी व्हिडिओ कॉल लावून फोन त्याच्या हातात दिला. त्याला फोटोचं कळलं होतं. तोंड घट्ट होतं.

"तुमचं मैदान हाय म्हणं," तो म्हणाला.

"न्हाय आबा. गावाचं हाय. तुमी किती वर्सं उतरताय तितं?"

"माझा बाप उतरायचा. पाइप नेत असाल तर न्या, पर कोपीत सून हाय, बाळंत झालीया. दुसरं लाकूड बघतो मग देतो."

हणमंतानं फोन फिरवला आणि आपली खोली दाखवली. एकावर एक असे पलंग, दोरीवर वाळत घातलेले कपडे, प्रत्येकाच्या उशाला एक पेटी. इतक्या वर्षांत मी ती खोली पहिल्यांदा बघत होतो.

"ही माझी कोपी," तो म्हणाला. "हिला फकस्त एसी हाय."

मुकादमानं चष्मा वर करून नीट बघितलं. "घरी जाऊन किती झालं?"

"लई झालं आबा."

"आमी निदान उन्हाळ्यात जातो," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "जेवत जावा टायमावर."

मुकादम गेल्यावर मला फोन बंद करवेना. हणमंत डोळे पुसत होता आणि लपवतही नव्हता. त्याच दिवशी त्यानं तो कोपीचा फोटो पुसून टाकला आणि पानावर लिहिलं, की तिथं सध्या लोक राहतात, हंगाम विसरलो ती चूक माझी, कोऱ्हाळ्यातला सामना रद्द. शाळेचं आवार सात-सातच्या सामन्याला पुरणारं नव्हतं, ते इंदापूरकरांनी समजून घेतलं. आमच्या पोरांनी नाही. सागर ग्रुपमधून बाहेर पडला. मग अमोल. मग एकेक करत कितीतरी. त्या संध्याकाळी ग्रुपवर दुसरं काही नव्हतं, फक्त कोण कोण सोडून गेलं ते. दुसऱ्या दिवशी दोन वाजता खोकला आला नाही. सुट्टी रद्द करू का, असं त्यानं मला विचारलं. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून शिव्या दिल्या, आणि बायकोसाठी तरी ये म्हणालो.

तो आला. ग्रुपवर कुणाला सांगितलं नाही. चार दिवस घरातच बसला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पावलं जपून टाकत होता. पाचव्या दिवशी वहिनींनीच मला फोन केला. "यांना जरा भायेर काढा भावजी. घरात बसून व्हिडिओ बघत्यात."

मी त्याला गाडीवर मागे बसवलं आणि कालव्याकडे नेलं. कारखाना साफसफाईसाठी बंद होता, त्यामुळं तोड नव्हती आणि टोळी वस्तीवरच होती. लांबूनच आरडाओरडा ऐकू आला. कोप्या आणि रस्ता यांच्यामध्ये जी पट्टी उरली होती, तिथं खेळ चालला होता. उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या उभ्या करून गोल केले होते. टोळीतली तरणी माणसं होती, आणि त्यांच्यात सागर, अमोल, भाकरीवाला, सगळे. मी चकित झालो. मागून कळलं, की सागरच्या बापाचा ऊस याच टोळीच्या पाळीत होता. तोड चालू असताना सागर दिवसभर फडात, ट्रॉलीत त्याचा बॉल. डबा खाऊन झाल्यावर टोळीतल्या एकानं त्या बॉलला लाथ घातली आणि तिथून सुरू झालं. इतकं साधं.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. कुणी आमच्याकडे बघितलं नाही. हणमंत माझ्याजवळ हलक्या आवाजात म्हणत होता, "त्यो पिवळा. आज निळा शर्ट घातलाय, पर पिवळाच. त्यो खांब्या." सगळ्यांना पाठमोरं, चालीवरून ओळखत होता. त्यांच्यातल्या एकालाही त्याचा चेहरा माहीत नव्हता. बॉल आमच्याजवळ आला तेव्हा भाकरीवाला त्याला म्हणाला, "काका, सरका जरा." हणमंत सरकला. त्याचं तोंड बघवेना मला.

तेवढ्यात सागरला दोघांनी घेरलं. अमोल लांब मोकळ्या जागेत हात वर करून उभा होता आणि सागर बॉलकडे बघत होता. हणमंताला राहवलं नाही. तो एकदा खोकला आणि ओरडला, "आरं पिवळ्या, बॉलकडं बघू नगंस! माणूस बघ, माणूस!"

सगळे जागच्या जागी थांबले. बॉल एकटाच घरंगळत चुलीपाशी गेला. सागर वळला. त्यानं या पोट सुटलेल्या, पिकल्या केसांच्या माणसाकडे बघितलं, आणि इतक्या हळू विचारलं की मला जेमतेम ऐकू आलं, "दादा?"

महिन्याभरानं हणमंत परत गेला. सोडून गेलेले ग्रुपवर आले. दुपारी खोकला ऐकू येतो, आता टोळीतल्या दोघा-तिघांच्या फोनवरही, बीडमध्ये. हंगाम त्याच्या ध्यानात असतो, नको इतका. पण मला हणमंत म्हटलं की त्या दिवशीचाच दिसतो.

पोरांनी त्याला ओढत आत नेलं. तो नको नको म्हणत होता, मी कधी खेळलो न्हाय म्हणत होता, आणि कुणी ऐकत नव्हतं. चपला काढायला लावून त्याला दोन मोळ्यांच्या मध्ये गोलात उभं केलं. नामदेव मुकादम कोपीच्या दाराशी येऊन बसला. मागे पाइपाचं आढं पांढरं दिसत होतं, आणि आत तान्हं रडत होतं. वहिनीही चालत आल्या होत्या, पदर सावरत रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. खेळ सुरू झाला. टोळीतला एक गडी बॉल घेऊन सरळ गोलावर आला. हणमंत मात्र अमोलकडे बघत होता, मग भाकरीवाल्याकडे, मुकादमाकडे, मग वहिनींकडे. एकेकाच्या तोंडाकडे, सावकाश.

"दादा, बॉलकडं बघा की!" सागर जीव तोडून ओरडला. "बॉलकडं!"

बॉल पायाजवळून मागे गेला. हणमंत वळून सागरकडे बघायला लागला.